टीम सांभाळताना: कोल्हापूरच्या सुपरवायझर, इनचार्ज आणि मालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत माझी वीसेक वर्षं फाउंड्री (वितळलेला धातू साच्यात ओतून कास्टिंग करायचा कारखाना) आणि मशीन शॉपमध्ये गेली. सुपरवायझर होतो, मग प्रॉडक्शन बघितलं. आता उद्यमनगरातल्या गाळ्यांपासून मोठ्या कारखान्यांपर्यंत जिथं बोलावतील तिथं जाऊन टीम सांभाळणाऱ्या लोकांबरोबर बसतो. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यातले महत्त्वाचे इथं घेतलेत. उत्तरं माझ्या अनुभवातली आहेत आणि जिथं कुणाच्या अभ्यासाचा आधार आहे तिथं तसं सांगितलंय.

काहीही विचारलं की टीममधले सगळे "होतंय की" म्हणतात. मग काम अडलेलं कळतच नाही. काय करायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि तो अगदी आपल्या मातीतला आहे. आपल्याकडं "होतंय की" या उत्तराचे निदान चार अर्थ आहेत. एक, काम झालंय. दोन, चालू आहे. तीन, अजून हात लावला नाही पण लावणार आहे. चौथा म्हणजे, होणार नाही, पण तुमच्या तोंडावर नाही कसं म्हणू? चौथा अर्थ सगळ्यात महाग पडतो, आणि तो खोटेपणातून येत नाही. मोठ्या माणसाला तोंडावर नकार द्यायचा नाही हे घरातूनच शिकून आलेला माणूस असतो तो. त्यामुळं त्याला दोष देऊन काही मिळत नाही. बदलायचा आहे तो आपला प्रश्न.

"होईल ना रे आज?" असं विचारलं की उत्तर ठरलेलंच. त्याऐवजी तीन गोष्टी विचारा: किती झाले, किती राहिले, आणि कशानं अडू शकतंय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आकड्यात येतात, तिथं "होतंय की" चालत नाही. तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा. "अडू शकतंय" हे तुम्ही स्वतःच म्हटल्यामुळं समोरच्याला अडचण सांगायला वाट मिळते. एका मशीन शॉपमध्ये एक ऑपरेटर दोन दिवस "होतंय की" म्हणत होता. तिसरा प्रश्न विचारल्यावर म्हणाला, "इन्सर्ट (धातू कापायची टोकं) दोनच उरल्यात साहेब, स्टोअरला सांगितलंय." स्टोअरवाल्यानं ऑर्डरच दिली नव्हती. दोन दिवस वाया गेले ते एका प्रश्नासाठी.

दुसरी सवय म्हणजे सांगितलेलं परत म्हणायला लावणं. विमान चालवणारा पायलट कंट्रोल टॉवरनं दिलेली उंची आणि धावपट्टीचा क्रमांक मोठ्यानं परत म्हणतो, ऐकू आलं तरी म्हणतो. ही जगभरची पद्धत आहे. आपल्याकडं ते परीक्षा घेतल्यासारखं वाटू नये म्हणून मी असं म्हणायचो: "मी नीट सांगितलं का बघू दे. तू आता काय काय करणार?" यात चूक निघाली तर ती माझ्या सांगण्याची ठरते. माणूस मोकळेपणानं बोलतो.

"जबाबदारी घ्या" असं मी रोज सांगतो. कुणी घेत नाही.

कारण ती सांगून घेतली जात नाही, वाटून द्यावी लागते. शब्दच बघा: जबाब आणि दार. ज्यानं उत्तर द्यायचं तो जबाबदार. म्हणजे कोण उत्तर देणार, कशाचं देणार आणि कधी देणार हे काम सुरू होण्याआधी ठरलेलं असलं पाहिजे. बहुतेक ठिकाणी हे काम बिघडल्यावर ठरतं, आणि मग त्याला जबाबदारी म्हणण्यापेक्षा जाब विचारणं म्हणणं बरोबर. लोकांना जाब विचारल्याचा अनुभव इतका आलेला असतो की जबाबदारी हा शब्द ऐकला तरी ते मागं सरकतात.

आधी ठरवण्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याकडं दर पावसाळ्यात दिसतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. शाळेतल्या पोरापासून आजीपर्यंत सगळे विचारतात, "किती फूट झालं?" आणि आकडा ऐकला की नदीकाठच्या माणसाला कळतं की आता जनावरं हलवायची का, सामान माळ्यावर टाकायचं का. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, महामार्ग बंद झाला, शिरोलीत जाणारे कामगार अडकले. तेव्हा ज्या कारखान्यांत "३९ झालं की कुणी काय करायचं" हे आधी लिहिलेलं होतं तिथं आणि जिथं नव्हतं तिथं किती फरक पडला हे त्या दिवसांत काम केलेला कुणीही सांगेल. सगळ्यांना माहीत असलेला एक आकडा आणि त्या आकड्याला कुणी काय करायचं हे ठरलेलं, एवढं तुमच्या टीमच्या कामाला लावता येतं. रिजेक्शन अमुक टक्क्यांवर गेलं की लाईन कोण थांबवणार? गाडी ५ वाजेपर्यंत भरली नाही तर पार्टीला फोन कोण करणार? नाव लिहा.

आणि एकाच माणसाचं नाव लिहा. "आपण सगळे मिळून बघूया" हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण त्यात काम हरवतं. फ्रान्सच्या रिंगेलमान नावाच्या शेती-अभियंत्यानं १९१३ मध्ये दोरी ओढण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. माणसं वाढली तसा प्रत्येकाचा जोर कमी होत गेला, आठ जण झाल्यावर एकेकाचा जोर एकट्यानं ओढताना असतो त्याच्या जवळपास निम्म्यावर आला. यातला काही भाग सगळ्यांची ओढ एका वेळी न जुळल्याचा, पण नंतर अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत दिसलं की गर्दीत आपला वाटा कुणाला दिसत नाही म्हटलं की माणूस नकळत हात सैल सोडतो, आणि प्रत्येकाचा वाटा वेगळा मोजला जातोय हे कळलं की तो सैलपणा जातो. मदतीला दहा जण असू देत. उत्तर देणारा एक.

चूक झाली की कुणी सांगत नाही. माल पुढं गेल्यावर कळतं. असं का होतं?

याचं उत्तर मला एका घटनेनं शिकवलं, ती सांगतो.

मी एका फाउंड्रीत प्रॉडक्शन बघत होतो. एका हाऊसिंगच्या कास्टिंगला आत शेल कोअर (आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा) बसायचा. कोअरला गॅस बाहेर जायला व्हेंट असतो. तो बुजला तर ओतताना गॅस आतच अडकतो आणि धातूत पोकळी राहते, ब्लो होल. बाहेरून कास्टिंग अगदी स्वच्छ दिसतं. फेटलिंगला (कास्टिंग घासून साफ करताना) कळत नाही, तपासणीत कळत नाही. मशीनिंगला बोअर मारायला घेतलं की भोक उघडं पडतं. त्या वेळी आमचे ६२ नग असे गेले, आणि ते गिऱ्हाइकाच्या मशीनवर उघडे पडले.

शोधत मागं गेलो. कोअर बसवणाऱ्या पोराला व्हेंट बुजल्यासारखा वाटला होता, पहिल्याच तासात. त्यानं शेजारच्याला सांगितलं, "बघून घे जरा." शेजारच्यानं बघितलं नाही. मी त्या पोराला बाजूला घेऊन विचारलं, मला का नाही सांगितलंस? तो खाली बघत बोटानं हातमोज्याचा निघालेला दोरा गुंडाळत होता. बऱ्याच वेळानं म्हणाला, "मागल्या आठवड्यात लाईन थांबवली तवा तुम्ही बोलला होता."

खरं होतं. आठवड्यापूर्वी त्यानं वाळू ओली वाटली म्हणून मोल्डिंग (वाळूचे साचे करायचं काम) थांबवलं होतं, वाळू ठीक निघाली होती, आणि डिस्पॅचच्या घाईत मी त्याला सगळ्या लाईनसमोर बोललो होतो. वीस मिनिटांसाठी. त्या वीस मिनिटांची किंमत ६२ कास्टिंग.

ही गोष्ट फक्त माझी नाही. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम्सचा औषधं देताना होणाऱ्या चुकांसाठी अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये चुका कमी दिसतील असं त्यांना वाटलं होतं. आकडे उलटे निघाले, चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त. नंतर लक्षात आलं की तिथली माणसं चुका लपवत नव्हती, बोलून दाखवत होती. अमेरिकेचे संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांनी १९५० पासून जपानी कारखानदारांना गुणवत्ता शिकवली. त्यांच्या १४ मुद्द्यांत एक मुद्दा सरळ हाच आहे: कामाच्या जागेवरची भीती घालवा. आणि टोयोटाच्या लाईनवर कुणीही कामगार दोरी ओढून मदत बोलावू शकतो, अडचण वेळेत सुटली नाही तर लाईन थांबते. दोरी ओढल्याबद्दल त्याला बोलणी बसत नाहीत.

तुमच्याकडं दोरी नसेल. पण कुणी काम थांबवून तुम्हाला बोलवायला आला आणि शंका चुकीची निघाली, तर त्या क्षणी तुमच्या तोंडून जे पहिलं वाक्य निघतं तेच अख्खी लाईन लक्षात ठेवते. "बरं केलंस, बघून घेतलं" एवढं पुरे.

मग काय कुणाला काही बोलायचंच नाही? शिस्त कशी राहणार?

बोलायचं, पण तीन गोष्टी वेगळ्या ठेवून. नजरचूक, पद्धत मोडणं आणि मुद्दाम केलेलं. नजरचूक कुणाकडूनही होते. तिथं माणसाला बोलण्यापेक्षा चूक होऊच शकणार नाही अशी सोय करा (व्हेंट तपासायला आम्ही नंतर एक साधी पिन ठेवली, प्रत्येक कोअरमधून घालून बघायची). पद्धत मोडली असेल तर आधी विचारा की पद्धत पाळता येण्यासारखी होती का. गॉगल फुटलेला असताना गॉगल न घातल्याबद्दल काय बोलणार? आणि मुद्दाम केलं असेल, खोटी नोंद केली असेल, सुरक्षेचा नियम सांगूनही तोडला असेल, तर तिथं मऊ राहून चालत नाही. लेखी द्या आणि ठरलेल्या पद्धतीनं पुढं जा. बाकीची प्रामाणिक माणसं तुमच्याकडं बघत असतात.

एक गोष्ट मालकांना आवर्जून सांगतो. रिजेक्शन झालं की पगारातून कापायची सवय काही ठिकाणी आहे. कायद्यानं दंड मनाला येईल तसा करता येत नाही. कशाबद्दल दंड हे आधी जाहीर असावं लागतं, कामगाराला बाजू मांडायची संधी द्यावी लागते, आणि त्या पगारातल्या एकूण दंडाला ३ टक्क्यांची मर्यादा आहे. १९३६ च्या वेतन कायद्यात ती होती आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. नुकसानभरपाईची तरतूद वेगळी आहे, पण तिथंही त्याचा निष्काळजीपणा आणि त्याचं म्हणणं बघावंच लागतं. कायदा बाजूला ठेवला तरी कापाकापीनं चुका कमी होत नाहीत. खराब नग लपवायला लोक तरबेज होतात, एवढंच होतं.

चुकलेल्याला सगळ्यांसमोर सांगावं की एकट्याला?

एकट्याला, आणि त्याच दिवशी. आपल्या तालमीत वस्ताद कसं करतो बघा. पोराचा डाव चुकला की तिथंच, त्याच मातीत, पुन्हा पकड घ्यायला लावतो. खासबागेच्या कुस्ती मैदानात हजारो माणसांपुढं जोड लागलेली असताना तो शिकवायला बसत नाही. आपले बरेच साहेब उलटं करतात. तालमीत गप्प आणि मैदानात शिकवणी.

सांगताना काय घडलं ते सांगा, माणूस कसा आहे ते सांगू नका. "तू निष्काळजी आहेस" यावर तो भांडेल किंवा गप्प बसेल. "काल दुसऱ्या पाळीत सहा नगांवर हीट नंबर (कुठल्या ओतणीचा माल ते सांगणारा क्रमांक) नव्हता, त्यामुळं डिस्पॅचवाल्यांना सगळा लॉट उघडून बघावा लागला" यावर तो म्हणेल, नंबर ठोकायचा पंच सापडत नव्हता. मग बोलणं सुरू होतं. आणि एका वेळी एकच विषय घ्या, मागच्या दिवाळीचं आज काढू नका.

ओरडल्याशिवाय आमच्याकडं काम होतच नाही.

ओरडल्यावर होतं, आणि तुम्ही पाठ फिरवली की थांबतं. भट्टीजवळ आवाज चढवावाच लागतो, धोका असेल तर ओरडलंच पाहिजे. त्यासाठीच आवाज राखून ठेवा. रोज ओरडणाऱ्या माणसाचं धोक्याच्या वेळचं ओरडणं कुणी मनावर घेत नाही.

सकाळची मीटिंग घेतो, पण ती रडगाणं होते. कशी घ्यावी?

उभ्यानं, मशीनपाशी, दहा मिनिटांत. ऑफिसात खुर्च्या टाकून घेतली की ती लांबते आणि तिथं फक्त साहेब बोलतो.

बोर्डवर चार रकाने पुरतात: काल काय ठरलं होतं, काय झालं, आज काय, आणि अडचण. अडचणीच्या पुढं नाव आणि वेळ. मी एका कारखान्यात सुरुवातीचे काही दिवस रोज उभा राहिलो होतो. पहिल्या दिवशी अडचणीचा रकाना रिकामा. दुसऱ्या दिवशी रिकामा. तिसऱ्या दिवशी फेटलिंगचे एक मामा, निवृत्तीला आलेले, म्हणाले, "लिहू का? ग्राइंडरची चाकं कसल्या दर्जाची आणल्यात, अर्ध्या पाळीत संपत्यात." इनचार्जनं खरेदीवाल्याचं नाव लिहिलं, पुढं "उद्या ११". चौथ्या दिवशी ११ वाजता वेगळ्या कंपनीची चाकं आली. पाचव्या दिवशी बोर्डवर पाच अडचणी होत्या. त्या मामांच्या तक्रारीचं काही झालं नसतं तर तो रकाना कायमचा रिकामा राहिला असता, आणि सगळं व्यवस्थित चाललंय असं मालकाला वाटत राहिलं असतं.

म्हणून नियम एकच ठेवा. बोर्डवर लिहिलेल्या अडचणीचं ठरलेल्या वेळी उत्तर द्यायचं, उत्तर "नाही" असलं तरी द्यायचं. "यंदा नवीन कॉम्प्रेसर मिळणार नाही, मार्चनंतर बघू" हे माणसं समजून घेतात. काहीच उत्तर न येणं त्यांना लागतं.

कालच्या रिजेक्शनचं कारण शोधायचं काम या मीटिंगमध्ये करू नका. त्याला वेळ लागतो, ते संबंधित दोघा-तिघांना नंतर थांबवून करा. बाकीच्यांना मशीनवर जाऊ द्या.

व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळं टाकतो. तरी "मला माहीत नव्हतं" ऐकावं लागतं.

ग्रुपवर सुप्रभात, वाढदिवस, कुणाच्या तरी गावच्या यात्रेचं निमंत्रण, आणि त्यामध्ये "ड्रॉइंग बदललंय, नवीन वापरा". काय वाचणार? कामाचा ग्रुप वेगळा करा आणि त्यात फक्त काम. ज्याच्यासाठी निरोप आहे त्याचं नाव सुरुवातीला. अंगठा दाखवला म्हणजे कळलं असं धरू नका, "नवीन ड्रॉइंग लावलं, जुनं काढून दिलं" असं उत्तर मागा. ड्रॉइंग, मापं, मटेरियल यातला बदल तर फक्त मोबाईलवर सांगूच नका. जुना कागद हातानं काढून घ्या. जुना कागद मशीनवर चिकटलेला असेपर्यंत निरोप पोचलेला नसतो.

आणि कुणाची चूक ग्रुपवर फोटोसकट टाकणं बंद करा. तो फोटो त्याच्या घरच्यांपर्यंत जातो.

माझ्या हाताखाली नात्यातला माणूस आहे. गावातला, भावकीतला. त्याला बोललं तर घरापर्यंत जातं.

करवीर, कागल, हातकणंगल्यातल्या कुठल्याही कारखान्यात ही अडचण आहे, कारण एकाच गावातली आठ-दहा माणसं एकमेकांच्या ओळखीनं लागलेली असतात. याची दुसरी बाजूही आहे. ओळखीनं आलेला माणूस शब्दाला जागतो, अडीनडीला रात्री पण येतो. ते सोडून देऊ नका.

पण त्याला पहिल्याच दिवशी बसवून सांगा: "गेटच्या आत मी इनचार्ज, बाहेर मी तुझा चुलतभाऊ. आत तुला जास्तही मिळणार नाही आणि कमीही नाही." आणि ओव्हरटाईम, सुट्टी, सोपी मशीन या तीन गोष्टींचं वाटप बोर्डवर उघड ठेवा. पक्षपाताचा संशय इथंच येतो, आणि उघड्यावर असलं की तुमच्या चुलतभावालाही "मला द्या की" म्हणायची सोय राहत नाही. मला विचाराल तर नात्यातल्या माणसाच्या पगारवाढीचा निर्णय दुसऱ्या कुणाला तरी घ्यायला लावावा.

वयानं मोठे, माझ्यापेक्षा जास्त अनुभव असलेले लोक माझं ऐकत नाहीत.

"अहो काका" म्हणूनच बोला, पद आलं म्हणून भाषा बदलू नका. त्यांना काम कसं करायचं ते तुम्ही सांगू नका, काय हवंय आणि कधी हवंय ते सांगा. कसं ते त्यांना विचारा. "काका, हे माप टिकत नाही, तुम्ही असता तर जॉब कसा पकडला असता?" या एका प्रश्नानं मी माणसं जोडलेली बघितलीत. मात्र आकडा सगळ्यांना सारखा. वय बघून रिजेक्शनची नोंद गाळली तर तरुण पोरं लगेच ओळखतात.

कालपर्यंत एकत्र चहा प्यायचो, आता मी त्यांचा सुपरवायझर झालो.

चहा सोडू नका. चहाच्या गाड्यावर साहेबांची चेष्टा चालते, तिथं मात्र आता तुम्ही भाग घेऊ शकत नाही, आणि तिथं ऐकलेलं वर नेऊनही सांगायचं नाही. पहिला महिना अवघड जातो. सगळ्यांना एकेकट्याला भेटून "तुला माझ्याकडून काय पाहिजे, आणि मला तुझ्याकडून काय" एवढं बोलून घ्या.

निम्मी माणसं उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाची आहेत. भाषेचं काय?

हिंदी चालते, पण सगळ्यांची चांगली असते असं नाही. ओडिशातल्या पोरानं "हाँ" म्हटलं म्हणजे कळलं असं धरू नका. चांगला नग आणि खराब नग शेजारी टांगून ठेवा, खराब जागेला लाल रंग. त्याला भाषा लागत नाही. त्यांच्यातला एखादा जाणता माणूस असतोच, त्याचं म्हणणं मीटिंगमध्ये मुद्दाम विचारा. आणि आपल्याच लोकांना सांगा की त्यांना नावानं हाक मारा. "ए बिहारी" म्हणून बोलावलेला माणूस व्हेंट बुजल्याचं सांगायला तुमच्याकडं येत नाही.

ऊसतोडीची टोळी आली, रोप लावण आहे, रात्रीची लाईट आहे म्हणून पाणी पाजायचंय. दांड्या फार होतात.

आपला बहुतेक कामगार अर्धा शेतकरी आहे. टोळी शेतात आली की त्याला जावंच लागतं, ऊस वाळला तर वर्षाचं नुकसान. हे तुम्हाला माहीत आहे, त्याला माहीत आहे, पण दोघंही ते आजारपणाच्या नावाखाली चालवता. त्यामुळं तो आदल्या दिवशी सांगत नाही, सकाळी फोन बंद ठेवतो. हंगाम सुरू व्हायच्या आधी एक वही फिरवा: कुणाचा ऊस कुठल्या कारखान्याला नोंद आहे, अंदाजे कधी तुटणार, त्याच्या मशीनवर कोण उभा राहील. तारीख पुढं-मागं होतेच. पण बदली माणूस आधी शिकवून ठेवता येतो. गणपती, गावची यात्रा या तर ठरलेल्या तारखा. ज्यांनी हे केलं तिथं दांड्या पूर्ण बंद झाल्या नाहीत, पण सकाळी सात वाजता माणूस शोधत फिरायची पाळी गेली.

कामगिरी मोजायला कुठले आकडे ठेवावेत?

तीन. फार तर चार. फाउंड्रीत मी रिजेक्शनची टक्केवारी, वेळेत गेलेला माल आणि अपघात किंवा थोडक्यात टळलेले अपघात एवढेच बोर्डवर ठेवायचो. टीमला ज्या आकड्यावर स्वतःच्या हातानं परिणाम करता येतो तोच आकडा तिच्यापुढं ठेवा. कंपनीचा नफा मोल्डिंगच्या पोराला दाखवून तो काय करणार?

"जमेल तेवढं चांगलं करा" हे उद्दिष्ट नव्हे. मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी १९६८ मध्ये मांडलं आणि नंतरच्या अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं की नेमकं आणि थोडं अवघड उद्दिष्ट दिलं की काम मोघम उद्दिष्टापेक्षा चांगलं होतं, अर्थात माणसानं ते मनापासून मान्य केलं असेल तर. ४०० कास्टिंगमध्ये २८ रिजेक्ट होत असतील तर ते ७ टक्के. "या महिन्यात २० च्या आत" असं म्हणा, आणि कुठल्या दोषाचे आठ कमी करायचे हेही ठरवा. सॅण्ड ड्रॉपचे (साच्यातली वाळू पडून झालेले) की कोल्ड शटचे (धातू नीट न जुळल्यानं राहिलेल्या सांध्याचे)? दोष ठरला की कारण दिसतं आणि कारण दिसलं की नाव लिहिता येतं.

फक्त एक सांभाळा. आकड्यावर बक्षीस आणि शिक्षा दोन्ही टांगली की आकडा खोटा व्हायला लागतो.

महिला सहकारी मीटिंगमध्ये बोलत नाहीत.

त्यांची बोलायची पाळी येईपर्यंत बहुधा वेळ संपलेला असतो. कोअर शॉप, तपासणी, पॅकिंग इथं त्यांना सगळ्यात आधी बोलू द्या, आणि त्यांचं वाक्य मध्येच तोडणाऱ्याला तिथंच थांबवा. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथं कामाच्या जागी महिलांचा लैंगिक छळ रोखण्याच्या २०१३ च्या कायद्यानं अंतर्गत समिती असावीच लागते. ती कुठं आहे, कुणाला भेटायचं, हे भिंतीवर लावलेलं नसेल तर मोकळेपणानं बोला असं म्हणायचा अधिकार आपल्याला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी काम वाटून देतो आणि मालक थेट माझ्या माणसाला दुसरंच सांगतात.

छोट्या गाळ्यांतून मोठे झालेल्या कारखान्यांत हे घरोघरी आहे. मालक स्वतः मेस्त्री होते, लेथवर उभे राहून त्यांनी धंदा उभा केलाय. त्यांना मशीनपाशी जाऊन सांगायची सवय आहे आणि त्यांचा त्यात जीव आहे. भांडू नका. टीमला एवढंच सांगून ठेवा: मालकांनी काही सांगितलं तर "करतो" म्हणा आणि लगेच मला कळवा, मग मी ठरवतो आधी काय. आणि मालकांना आठवड्यातून एकदा दाखवा की मध्येच बदललेल्या कामामुळं सेटिंगचा, म्हणजे मशीन नव्या कामाला जुळवायचा, किती वेळ गेला. मिनिटांत दाखवा. लेथवर उभा राहिलेल्या माणसाला सेटिंगच्या वेळेची किंमत समजावून सांगावी लागत नाही.

मालक हे वाचत असतील तर त्यांना विनंती: फिरा, जरूर फिरा, विचारा, बघा. काम मात्र इनचार्जकडूनच बदला. नाहीतर तुम्ही पगार देऊन ठेवलेला इनचार्ज फक्त निरोप्या होतो.

आमचं ऑफिस आहे, पतसंस्था आहे. हे सगळं कारखान्याचं झालं.

बोर्डावर कास्टिंगऐवजी कर्जप्रकरणं लिहा. अडलेलं प्रकरण कुणाच्या टेबलावर आहे, कुठला कागद राहिलाय, कधीपर्यंत. सभासदाला "उद्या या" म्हणणं आणि "होतंय की" म्हणणं यात मला काही फरक दिसत नाही.

रात्रपाळीला कुणी साहेब नसतो. सगळं बिघडतं ते रात्रीच. काय करावं?

दोन पाळ्यांच्या मध्ये पंधरा मिनिटं सामाईक ठेवा. जाणारा आणि येणारा दोघं मशीनपाशी उभे राहून बोलले पाहिजेत. वहीत नुसतं "ओके" लिहून पाळी सोडायची नाही. वहीत लिहायचं: काय चालू सोडलंय, कशावर लक्ष ठेवायचं, काय बदललंय.

आणि रात्रीच्या माणसाला लेखी अधिकार द्या: या या गोष्टीला तू स्वतः लाईन थांबवायची, या गोष्टीला मला उठवायचं. यादी छोटी असावी, त्याच्या डोळ्यांसमोर चिकटवलेली. मग कधीतरी रात्री दोनला फोन वाजतो. तो बावरलेला असतो, तुम्ही झोपेत असता, आणि अडचण कदाचित क्षुल्लक असते. त्या वेळी आधी "बरं झालं उठवलंस" म्हणा आणि मग विचारा, "आता काय दिसतंय?"